रबराच्या वाटीपासून खुब्याच्या गोळ्यापर्यंत

आपल्या यिशुनचं नाव आलं ते लिम नी सून या रबर आणि अननसाच्या बागांच्या मालकावरून. नी सूनचा मँडरिन उच्चार यिशुन. एचडीबीचे ब्लॉक उभे राहण्याच्या कितीतरी आधी इकडे रबराची झाडं होती. झाडाला चीर द्यायची आणि ठिबकणारा चीक वाटीत गोळा करायचा. रबराच्या बागांसाठी अशा मातीच्या वाट्या जुरोंगच्या लांबलचक 'ड्रॅगन' भट्ट्यांमध्ये भाजल्या जात. त्यांपैकी १९४० साली बांधलेली थाव क्वांग भट्टी अजून उभी आहे, नान्यांग विद्यापीठाजवळच. हा शेजार लक्षात असू द्या.

भाजलेली माती कठीण असते, पण एक टोला बसला की संपलं! असं का होतं, याचं गणित १८८१ साली बर्लिनमध्ये हाइनरिख हर्ट्झने मांडलं. तेव्हा तो २३ वर्षांचा होता. (हो, रेडिओ लहरींवाला तोच हर्ट्झ!) काचेची भिंगं एकमेकांवर दाबली की काच किती दबते, हा त्याचा प्रश्न. नाताळच्या सुट्टीत त्याने तो सोडवला. त्यातून कळलं ते असं: गोळी काचेवर दाबली, तर गोळीच्या खालची काच दाबली जाते, पण स्पर्शाच्या वर्तुळाच्या अगदी कडेला ती ताणली जाते. तडा तिथून सुरू होतो आणि शंकूसारखा आत पसरतो. म्हणजे मारतो तो ताण, दाब नव्हे.

कुंभारांनी याचा इलाज गणिताशिवायच शोधला होता. लोणच्याच्या बरणीची झिलई थंड होताना आतल्या मातीपेक्षा किंचित कमी आकसली, तर ती कायमची दाबाखाली राहते आणि तडा उघडायला बघतो तेव्हा त्याला मिटवून धरते. उलट झालं की केसासारख्या भेगा पडतात.

हीच युक्ती १९७५ साली ऑस्ट्रेलियाच्या गार्व्ही, हॅनिंक आणि पॅस्को यांनी झिर्कोनियात दाखवली. तड्याच्या टोकाशी ताण आला की तिथले स्फटिक आपली रचना बदलतात, सुमारे ४ टक्के फुगतात आणि तड्यालाच चेपतात. लेखाच्या शीर्षकात त्यांनी याला चक्क 'सिरॅमिक पोलाद' म्हटलं, पुढे प्रश्नचिन्ह टाकून.

ते प्रश्नचिन्ह रास्त होतं. खुब्याच्या सांध्यात सिरॅमिक बसवायला फ्रान्समध्ये पिएर बूताँ यांनी १९७० साली सुरुवात केली होती, ती ॲल्युमिनापासून. पुढे झिर्कोनियाचे गोळे आले आणि लाखो रुग्णांना बसले. मग एका फ्रेंच उत्पादकाने १९९८ मध्ये भट्टी बदलली. एकेक घाणा भाजण्याऐवजी सतत चालणारी बोगद्यासारखी भट्टी आली. कृती तीच, फक्त भाजणं आणि थंड होणं वेगळं. काही घाण्यांतले गोळे माणसांच्या शरीरात फुटू लागले आणि २००१ मध्ये माल परत मागवावा लागला. 'छोटासाच चेंज आहे' हे वाक्य आम्हा आयटीवाल्यांना रोज ऐकू येतं, म्हणून ही हकिगत मला जास्त लागली. आमच्याकडे रात्रीतून जुनं व्हर्जन परत टाकता येतं. इथे पुन्हा ऑपरेशन, आणि फुटलेल्या सिरॅमिकचे कण सांध्यातून पूर्ण निघणंही कठीण.

आज बरेचदा बसवतात तो गुलाबी गोळा मुख्यतः ॲल्युमिनाचा, झिर्कोनिया त्यात थोडाच मिसळलेला असतो. आई-बाबांच्या ऑपरेशनची वेळ आली, तर गोळा कशाचा हे डॉक्टरांना जरूर विचारा.

आता त्या शेजाराकडे. २०१३ मध्ये नान्यांग आणि एमआयटीच्या संशोधकांनी न तुटता वाकणारं झिर्कोनिया बनवलं. मोठ्या तुकड्यात शेजारचे स्फटिक एकमेकांना ओढतात आणि तडा जातो. म्हणून त्यांनी मोजकेच स्फटिक असलेले, केसापेक्षा कितीतरी बारीक खांब कोरले. ते सुमारे ७ टक्के वाकून, तापवल्यावर पुन्हा सरळ झाले. हे जमलं ते मायक्रॉनभर जाडीच्या खांबात. वाटीएवढ्या तुकड्याला शेजारच्या स्फटिकांची ओढाताण अजून चुकलेली नाही.