पीर गायब आणि हिंदूराव

दिल्लीच्या उत्तरेकडील डोंगरधारेवर ‘हिंदूराव’ हे मराठी नाव आजही एका रुग्णालयाच्या रूपाने नांदत आहे. हिंदूराव हे कागलच्या घाटगे घराण्यातले, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे बंधू. १८३५ साली विल्यम फ्रेझरचा खून झाल्यावर त्याची येथील कोठी त्यांनी घेतली. १८५७ च्या संग्रामात तीच इंग्रजांचा प्रमुख मोर्चा ठरली.

रुग्णालयाच्या आवारातच फिरोजशहा तुघलकाच्या चौदाव्या शतकातील शिकारमहालाचा दुमजली अवशेष उभा आहे. तेथे ध्यानस्थ बसलेला एक पीर एके दिवशी अदृश्य झाला, अशी आख्यायिका. म्हणून त्या वास्तूस ‘पीर गायब’ म्हणतात. काळाचा न्याय मात्र विलक्षण! गायब झालेल्या निनावी पिराची कथा उरली. आणि ज्यांचे नाव रोज रुग्णांच्या मुखी येते, ते हिंदूराव विस्मृतीत गायब झाले.