काडतुसाचें बूड

अमरावती-अकोल्याकडील मंडळी गाविलगडावर जाते ती तट, दरवाजे आणि तोफा पाहून परत येते. १५ डिसेंबर १८०३ रोजीं आर्थर वेलस्ली व स्टीव्हन्सन यांच्या फौजांनीं हा किल्ला घेतला, तेव्हां शिपायाच्या बंदुकींत दारू, गोळी आणि ठिणगी या तीन वस्तू तीन वाटांनीं येत. त्या तिन्ही एका पितळी नळींत कशा आल्या, आणि त्या नळीच्या बुडाशीं दिलेल्या एका बारीक चिमटीनें काय केलें, एवढेंच आज श्रोत्यांस सांगावयाचें आहे.

चकमकीच्या बंदुकीचा चाप ओढला कीं आधीं गालाजवळ भडका होई, मग बार उडे. स्कॉटलंडांतील अलेक्झांडर फॉर्सिथ नांवाच्या एका पाद्रीस पक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता, आणि हा भडका पाहून पांखरें उडून जात. त्यानें आघातासरशीं पेटणारें द्रव्य वापरण्याची युक्ति काढून १८०७ सालीं तिचें पेटंट घेतलें. धर्मोपदेशकाच्या हातून हें व्हावें याचें मला नेहमींच नवल वाटत आलें आहे. पुढें तें द्रव्य तांब्याच्या इवल्याशा टोपींत भरलें जाऊं लागलें. १८५७ च्या ज्या काडतुसाची हकीकत शाळेंतील प्रत्येक मुलगा सांगतो, तें कागदाचेंच होतें. टोपी निराळी लावावी लागे. बुडाच्या मध्यभागीं टोपी असलेलें काडतूस १८६६ च्या सुमारास पुढें आलें. त्याच्या दोन रीती. इंग्लंडच्या बॉक्सरनें टोपीची ऐरण टोपींतच ठेविली व नळीच्या बुडास मधोमध एक छिद्र दिलें. अमेरिकेच्या बर्डननें ऐरण नळीच्या बुडांतच घडविली आणि तिच्या बाजूंस बारीक छिद्रें पाडलीं. मौज अशी कीं, बॉक्सरची रीत अमेरिकेनें उचलली आणि बर्डनची युरोपनें.

नळीस पितळच कां? सुमारें सत्तर भाग तांबें व तीस भाग जस्त अशा पितळेची नळी बार उडतांच फुगते, बंदुकीच्या घरास घट्ट चिकटून धूर मागें येऊं देत नाहीं, आणि क्षणांत थोडी आकसून सुटी होते. दारू जळते, गोळी जाते, टोपी निकामी होते. पण सर्वांत महाग वस्तु जी नळी, ती शाबूत राहते. म्हणून शिकारी लोक जुनी टोपी काढून, नवी बसवून, तीच नळी अनेकदां भरीत.

सैन्याची गरज वेगळी होती. मशीनगन भराभर बार काढूं लागली तेव्हां एखादी टोपी दाबानें मागें सरून बाहेर पडे व यंत्रांत अडके. ऐन लढाईंत तोफखान्याची नव्हे, माणसांची गांठ अशा अडकलेल्या यंत्राशीं पडते. म्हणून टोपी बसविल्यावर तिच्या घराची कड आंत दाबून टाकण्याची चाल पडली. कोठें सबंध कडें दाबीत, कोठें तीन-चार ठिकाणीं ठोसे मारीत. टोपी पक्की झाली, पण नळीचा पुनर्जन्म अवघड झाला. जुनी टोपी जोर लावून निघते, परंतु आंत वळलेल्या कडेमुळें नवी सरळ बसत नाहीं. बळेंच बसवूं गेल्यास चेपते, आणि ती तर आघातानेंच पेटणारी. मग ती कड पात्यानें खरवडावी लागते, किंवा पोलादी ठशानें मागें रेटावी लागते. खरवडण्यांत धातु जाते. हात जड पडला तर घर सैल होऊन टोपी टिकतच नाहीं. रेटण्यांत धातु जात नाहीं, म्हणून मला ती रीत अधिक शहाणपणाची वाटते. बर्डनच्या नळींत तर मधोमध छिद्रच नसल्यानें आंतून सळई घालून टोपी ढकलतां येत नाहीं. हा उद्योग अमेरिकेंत छंद म्हणून चालतो. आपल्याकडे परवान्यावांचून दारूगोळा तयार करणें हा १९५९ च्या शस्त्र अधिनियमानें गुन्हा आहे.

चिमटीचा दुसरा प्रकार नळीच्या तोंडाशीं, गोळी घट्ट धरण्यासाठीं. त्याची कथा हिंदुस्थानांतलीच आहे. पुण्याजवळ खडकीस दारूगोळ्याचा कारखाना १८६९ मध्यें निघाला होता. काडतुसांची वाण नव्हती. पावसाळ्यांत लष्करी हालचाली मंदावत, तेव्हां इंग्रजी फौजा काडतुसें घोड्यांच्या तबेल्यांत ठेवीत, आणि पाऊस सरल्यावर पाहावें तों कित्येक नळ्यांना, विशेषतः गोळीभोवतीं चिमटलेल्या जागीं, तडे गेलेले! न उडविलेलीं, न हाताळलेलीं काडतुसें आपोआप फुटावीं याचा उलगडा वर्षानुवर्षें होईना. म्हणून त्या तड्यांना ऋतूचेंच नांव पडलें.

१९२१ सालीं मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या तिघांनीं कारण दाखवून दिलें. थंड पितळ ओढून, दाबून आकार दिला कीं धातूंत ताण कोंडून राहतो. तबेल्यांतल्या मुतारीचा अमोनिया दमट हवेंत त्या ताणलेल्या जागीं लागला कीं पितळ तडकतें. ताण नसता तर अमोनियानें एवढें केलें नसतें, आणि अमोनिया नसता तर ताण मुकाट राहिला असता. उपाय साधा निघाला: घडविल्यावर नळी अडीचशें-तीनशें अंशांपर्यंत तापवून तिच्यांतील ताण उतरवावयाचा. ठोके देऊन कडक झालेलें भांडें पुन्हां भट्टींत घालून मऊ करण्याची रीत आपल्या तांबटांना फार पूर्वींपासून ठाऊक होती; तबेल्यांत काडतुसें ठेवणाऱ्या साहेबांनीं त्यांस कधीं विचारलें नाहीं.