रात्रीपुरती जागा

परक्या मुलखात दिवस मावळला की भल्याभल्यांची विद्या तीन-चार वाक्यांवर येऊन ठेपते. जागा आहे का, भाडे काय पडेल, अंथरूण स्वच्छ आहे ना, आणि पहाटे उठवाल का? ज्यांनी कधी परदेशी जाण्याची तयारी केली असेल, त्यांनी इंग्रजी संभाषणाच्या पुस्तकातला ‘हॉटेलात’ हा धडा चाळला असेलच. धडा मोठा निरस असतो. पाहुणा विनयशील, व्यवस्थापक त्याहून विनयशील; खोली मिळते, किल्ली मिळते, धडा संपतो. परंतु या निरस धड्याची वंशावळ सहाशे वर्षांहून जुनी आहे, आणि तिच्यातले पूर्वज मुळीच निरस नव्हते. आणखी मौजेची गोष्ट अशी की, त्या वंशावळीच्या आरंभी शिकायची भाषा इंग्रजी नव्हतीच. शिकणारा इंग्रज होता, आणि तो फ्रेंच घोकीत होता.

इंग्लंडातील बरी सेंट एडमंड्स या गावी १३९६ साली कोणा अनामिकाने फ्रेंच संभाषणाची एक पोथी लिहून पुरी केली. हे वर्ष लक्षात ठेवण्याजोगे आहे. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातले पिढ्यान्‌पिढ्यांचे युद्ध तात्पुरते थांबले होते, आणि याच वर्षी इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याने फ्रान्सच्या राजकन्येशी विवाह केला. वाटा मोकळ्या झाल्या, तेव्हा वाटेत बोलायचे काय, याची विद्याही हवीच. या पोथीतला सरदार मुक्कामाच्या गावी आपला चाकर आधी धाडतो. आजच्या भाषेत खोली राखून ठेवायला म्हणा ना! चाकर त्या घरच्या बाईला विचारतो की, अंथरुणात पिसवा वगैरे नाहीत ना? बाई देवाची साक्ष काढून सांगते की तसले काही नाही. मात्र उंदीर-घुशी पुष्कळ आहेत. भाषा शिकविणाऱ्या पुस्तकांत यजमानाच्या तोंडी इतके खरे बोलणे पुन्हा फारसे आढळत नाही.

पण या प्रकारच्या पुस्तकांचा खरा कुलपुरुष म्हणजे अँटवर्पचा शाळामास्तर नोएल द बेर्लेमाँ. सोळाव्या शतकातले अँटवर्प म्हणजे युरोपची मोठी पेठ. तिथे जर्मन, इटालियन, पोर्तुगीज, इंग्रज सारे व्यापारी एकाच धक्क्यावर उतरत, आणि कोणाचे बोलणे कोणाला कळत नसे. या मास्तराने फ्लेमिश आणि फ्रेंच शेजारी शेजारी मांडून एक छोटे पुस्तक रचले. तो १५३१ मध्ये वारला. त्याच्या पुस्तकाची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी आवृत्ती १५३६ ची आहे. पुढे छापखानेवाल्यांनी त्याच्या मजकुराला एकेक भाषा जोडीत नेली; चार झाल्या, सहा झाल्या, सात झाल्या, शेवटी आठ झाल्या. पुस्तक आडवे, चिमुकले, खिशात मावेल असे. उघडले की दोन पानांवर मिळून साऱ्या भाषांचे स्तंभ उभे. ज्याला जी हवी त्याने त्या स्तंभावर बोट ठेवावे.

या पुस्तकात प्रवाशांचा एक प्रसंग आहे, तो वाचताना लेखक मास्तर होता याचा विसर पडतो. वाटेवर चोरांचे भय आहे, म्हणून प्रवासी चौकशी करीत करीत येतात. उतारशाळेत शिरल्यावर आधी घोड्याची सोय, मग माणसाची. जेवणे होतात, गप्पा होतात. मग एक पाहुणा अंग मोडून आल्याची तक्रार करतो. त्याला हुडहुडी भरली आहे. अंथरूण शेकून हवे, डोक्याला ऊन केलेले फडके बांधून हवे, ते फार आवळू नये, पलंगाचे पडदे ओढून टाचणीने जोडावेत. शौचकूप कुठे, असे तो विचारतो. मोलकरीण दिशा सांगते, आणि वर म्हणते की डोळ्यांना दिसले नाही तर नाकाला कळेलच. एवढे सारे झाल्यावर हा आजारी गृहस्थ तिला मेणबत्ती विझवून जवळ यायला सांगतो आणि झोप चांगली लागावी म्हणून एक मुका मागतो! बाई खमकी. मुक्याच्या गोष्टी सुचतात तेव्हा तुमचे दुखणे काही मोठे नाही, असे ठणकावून ती देवाचे नाव घेते, शुभरात्री म्हणते आणि निघून जाते. सकाळी तोच पाहुणा तिला शोधून तिच्या श्रमाबद्दल बक्षिसी देतो आणि घोडा आणवतो. हा प्रसंग सात-आठ भाषांत छापून युरोपभर वाचला जात होता. मोलकरणीचे ते उत्तर निरनिराळ्या देशांतल्या किती शिकाऊ मंडळींनी मोठ्याने घोकले असेल, याची कल्पना करून पाहावी.

आता इंग्रजीचे पाहा. अँटवर्पला १५७६ मध्ये निघालेल्या सहा भाषांच्या आवृत्तीत इंग्रजीला एक स्तंभ आहे. पण तेवढ्यावरून तिची पत वाढली असे समजू नये. लंडनमध्ये भाषा शिकवून पोट भरणाऱ्या जॉन फ्लोरिओने दोनच वर्षांनी, १५७८ साली, आपल्या संवादांत इंग्रजीची किंमत रोखठोक सांगून टाकली: इंग्लंडात तिचा उपयोग आहे, डोव्हर बंदर ओलांडले की ती कवडीमोल. फ्लोरिओ इंग्रजांना इटालियन शिकवीत असे, तेव्हा आपल्या मालाची तारीफ तो करणारच. पण बोलला ते खोटे नव्हते. पॅरिसच्या खाणावळवाल्याला इंग्रजी यायची काय गरज? गरज असे ती पाहुण्याला.

आणि मग असा एक काळ आला की, रात्रीपुरती नव्हे तर जन्मापुरती जागा शोधणारे पाहुणे इंग्लंडात येऊ लागले. १५७२ च्या ऑगस्टात पॅरिसमध्ये प्रॉटेस्टंटांची कत्तल झाली. १५७६ च्या नोव्हेंबरात पगार थकलेल्या स्पॅनिश शिपायांनी अँटवर्प लुटले. वर सांगितलेली आवृत्ती निघाली त्याच वर्षी. १५८५ मध्ये शहर स्पेनच्या हाती पडले, आणि तिथल्या प्रॉटेस्टंटांना गाशा गुंडाळायला चार वर्षांची मुदत मिळाली. तेवढ्या अवधीत वस्ती जवळजवळ निम्म्यावर आली. यांतले पुष्कळ लोक उत्तरेकडे हॉलंडात गेले, काही लंडनला आले.

त्यांच्यासारख्यांसाठी जाक बेलो या फ्रेंच निर्वासिताने १५८६ साली लंडनमध्ये एक संवादपुस्तक काढले. छापणारा व्होत्रोलिए, तोही निर्वासितच. बेलोने प्रत्येक वाक्याला तीन स्तंभ दिले. एकात इंग्रजी, एकात फ्रेंच, आणि तिसऱ्यात तेच इंग्रजी वाक्य फ्रेंच माणसाला उच्चारता येईल अशा अक्षरांत. आपल्याकडे इंग्रजी वाक्य, देवनागरीत उच्चार आणि मराठी अर्थ अशी पुस्तके ज्यांनी लहानपणी हाताळली आहेत, त्यांना ही मांडणी चटकन ओळखू येईल. हा सरदारांचा किंवा बड्या व्यापाऱ्यांचा ग्रंथ नव्हे. बाजारात भाव करणे, मुलाला उठवून शाळेत धाडणे, पाहुण्यांना जेवायला बसवणे, असे त्यातले विषय. शेकलेले अंथरूण मागण्याची चैन इथे नाही. ज्याला शेजाऱ्याच्या दारात उद्याही उभे राहायचे आहे, त्याला उच्चार नीट जमला पाहिजे, कारण तोंड उघडताच तो परका ठरतो. आणि परकेपणा त्या शहरात स्वस्त नव्हता. १५९३ मध्ये लंडनच्या डच चर्चच्या भिंतीवर परदेशी लोकांना धमकावणारे एक पद्य कोणीतरी डकवले होते. बेलोचा तिसरा स्तंभ मला म्हणूनच त्या मोलकरणीच्या विनोदापेक्षा अधिक वेळ धरून ठेवतो.

बेर्लेमाँचा वंश मात्र समुद्र ओलांडून थेट पूर्वेकडे गेला. डच खलाशी फ्रेडरिक द हौटमन सुमात्रातल्या अचे येथे कैदेत पडला असता मलायी शिकला, आणि परतल्यावर १६०३ मध्ये त्याने अशाच धर्तीवर मलायी संवाद छापले. ते लॅटिनमार्गे इंग्रजीत आले १६१४ साली, ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसांसाठी. सुरतेला याच सुमारास इंग्रजांची वखार उभी राहिली होती. म्हणजे आपल्या किनाऱ्यावर पाय ठेवणारा इंग्रज व्यापारी तेव्हाही विद्यार्थीच होता. दुसऱ्याच्या दारी दुसऱ्याच्या बोलीत सौदा करणारा.

पारडे फिरले ते फार उशिरा. एकोणिसाव्या शतकात आगगाड्या आल्या, इंग्रज मध्यमवर्ग सुट्टीत स्वित्झर्लंड आणि इटलीकडे लोटला. जॉन मरेने १८४४ मध्ये त्यांच्यासाठी चार भाषांचे संभाषण-पुस्तक काढले खरे, पण थॉमस कुकने १८६८ च्या सुमारास हॉटेलची कुपने सुरू केली, आणि घासाघिशीची कटकटच संपली. लंडनला पैसे भरावे, कागद दाखवावा, खोली घ्यावी. ज्या हॉटेलाला हे गिऱ्हाईक हवे, त्याने इंग्रजी जाणणारा माणूस दारात ठेवणे भाग होते.

तेव्हा पुस्तक दुसऱ्या हातात गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन आणि स्विस तरुण लंडनच्या हॉटेलांत वाढप्याची नोकरी धरीत. पगार बेताचा असला तरी चाले. मुख्य कमाई भाषेची. दिवसभर थाळ्या उचलून झाल्या की हे तरुण तीच जुनी वाक्ये पाठ करीत बसत. फरक एवढाच की पूर्वी प्रवासी ज्या ओळीवर बोट ठेवी, तिच्या खालची ओळ आता त्यांची होती.