आयकर विवरणपत्रात उत्पन्न चुकते कुठे? खकनारची केळी आणि गोव्यातील निम्मा वाटा

मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्ह्याचा खकनार तालुका महाराष्ट्राच्या सीमेला लागून आहे आणि हा जिल्हा केळीसाठी ओळखला जातो. समजा, तेथील एखादा शिक्षक घरची केळीची बाग सांभाळून नोकरी करतो. आयकर विवरणपत्र भरण्यासाठी तो संगणकासमोर बसतो, तेव्हा वेतन, बँकेचे व्याज आणि कापून घेतलेला कर हे आकडे पडद्यावर आधीच उमटलेले असतात. केळीचे पैसे मात्र कुठेच दिसत नाहीत. मग तो ते ‘इतर स्रोत’ या रकान्यात टाकतो, नाहीतर शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे म्हणून सोडून देतो. दोन्ही चुकीचे आहे, आणि सॉफ्टवेअर दोन्ही वेळा निमूटपणे पुढे जाऊ देते.

याचे कारण सॉफ्टवेअरच्या रचनेत आहे. आयकर विभागाचे संकेतस्थळ असो वा कर सल्लागाराकडील खासगी प्रणाली, आधीच भरलेली माहिती बँका, मालक व कर कापणाऱ्या इतरांनी पॅन क्रमांकावर कळवलेल्या नोंदींतून येते. नोव्हेंबर २०२१ पासून उपलब्ध असलेले वार्षिक माहिती विवरण, म्हणजेच एआयएस, अशाच नोंदींचे संकलन आहे. पैसा कोणत्या पॅनवर आला एवढे त्यातून कळते. तो कोणत्या स्वरूपाचा आणि कायद्याने कोणाचा, हे करदात्यालाच सांगावे लागते.

शेतीचे उत्पन्न आयकर कायदा, १९६१ च्या कलम १०(१) नुसार करमुक्त आहे, परंतु कराचा दर ठरवताना ते मोजले जाते. निव्वळ शेती उत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक आणि इतर उत्पन्न मूळ सूट मर्यादेच्या वर असेल, तर ही मोजणी लागू होते. २०२४-२५ या आर्थिक वर्षाचे उदाहरण घेऊ. नव्या करप्रणालीत प्रमाणित वजावटीनंतरचे वेतन १० लाख आणि केळीचे निव्वळ उत्पन्न २ लाख आहे. प्रथम १२ लाखांवरील कर काढायचा : ८०,००० रुपये. मग शेतीचे २ लाख आणि मूळ सूट ३ लाख मिळून ५ लाखांवरील कर काढायचा : १०,००० रुपये. फरक ७०,००० रुपये, हाच देय कर. शेती दाखवलीच नसती तर तो ५०,००० निघाला असता. म्हणजे करमुक्त उत्पन्न न दाखवल्याने ४ टक्के उपकरासह २०,८०० रुपयांचा कर चुकतो. उलट तेच २ लाख ‘इतर स्रोत’मध्ये टाकले, तर ७०,००० ऐवजी ८०,००० रुपये कर बसतो.

येथे अर्जाची निवडही आड येते. आयटीआर-१ मध्ये केवळ ५,००० रुपयांपर्यंतचे शेती उत्पन्न दाखवता येते. त्याहून अधिक असल्यास पगारदाराने आयटीआर-२ घ्यावा आणि शेड्यूल ईआय भरावे. त्यात एकूण प्राप्ती, खर्च आणि निव्वळ उत्पन्न असे वेगवेगळे रकाने आहेत. रोपे, ठिबक, खते, मजुरी यांचा खर्च न घालता विक्रीची रक्कमच निव्वळ म्हणून लिहिली, तर दर विनाकारण चढतो. निव्वळ उत्पन्न ५ लाखांहून अधिक असल्यास जमिनीचा जिल्हा व पिनकोड, क्षेत्र, मालकीची की भाड्याची आणि बागायती की जिरायती, हेही विचारले जाते. क्षेत्र एकरात द्यायचे असते, खसऱ्यावर मात्र ते हेक्टरमध्ये असते. १ हेक्टर म्हणजे सुमारे २.४७ एकर. १.२ हेक्टरचे १.२ एकर लिहिले गेले, तर दर एकरी उत्पन्न कागदावर अडीचपट दिसते आणि शंकेला निमंत्रण मिळते.

गोव्यातील काजू व कुळागरांच्या बागायतदारांनाही हे सारे लागू आहे. मात्र बोंडूच्या रसापासून फेणी गाळून विकली, तर त्या प्रक्रियेचा नफा शेतीचा राहत नाही, तो व्यवसायाच्या रकान्यात जातो. केळीच्या वेफर्सचेही तसेच. पिकाच्या पैशाची मुदत ठेव केली, तर तिचे व्याज शेतीचे नव्हे.

गोव्यात याहून मोठी गुंतागुंत स्वरूपाची नाही, मालकीची आहे. पोर्तुगीज नागरी संहितेनुसार ज्यांच्या विवाहात मालमत्ता सामाईक असते, त्यांना कलम ५ए लागू होते. वेतन वगळता प्रत्येक शीर्षाखालील उत्पन्न पती व पत्नीत समान वाटले जाते. विवाहपूर्व कराराने मालमत्ता वेगळी ठेवलेल्यांचा यात समावेश नाही. पतीच्या नावावरील ठेवीवर १,२०,००० रुपये व्याज आणि १२,००० रुपये कर कापला गेला असेल, तर कायद्याने दोघांचे व्याज प्रत्येकी ६०,००० आणि कराचे श्रेय प्रत्येकी ६,००० रुपये. पण एआयएसमध्ये सगळे पतीच्याच पॅनवर दिसते. त्याने नुसतेच ६०,००० लिहिले, तर विभागाच्या लेखी तेवढेच व्याज दडवलेले ठरते. पूर्ण रक्कम लिहिली, तर पत्नीचा वाटा त्याच्यावर चढतो.

यावर उपाय शेड्यूल ५ए. त्यात जोडीदाराचे नाव, पॅन आणि शीर्षानुसार वाटून दिलेले उत्पन्न व कर नोंदवावा. आयटीआर-१ मध्ये हे परिशिष्टच नसल्याने तो अर्ज अशा दांपत्यांसाठी नाही. पत्नीने आपल्या विवरणपत्रात करकपातीच्या तक्त्यातील ‘कलम ५ए प्रमाणे जोडीदार’ हा पर्याय निवडला नाही, तर तिचे ६,००० रुपये अधांतरी राहतात. बऱ्याच खासगी प्रणालींत हा पर्याय शोधावा लागतो. गोव्याबाहेरील सल्लागाराला त्याची माहिती नसली तर नवल नाही.

कधीकधी दोष खरोखर सॉफ्टवेअरचाच असतो. ५ जुलै २०२४ पासून विभागाच्या प्रणालीने विशेष दराच्या उत्पन्नावर कलम ८७ए ची करसवलत मागण्याचा मार्गच बंद केला होता. चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्सच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये अंतरिम आदेश दिला, आणि उशिराच्या विवरणपत्रांची मुदत ३१ डिसेंबरवरून १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढली. दावा मान्य करायचा की नाही हे अधिकारी ठरवतील, पण प्रणालीने तो मांडूच न देणे योग्य नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

चूक विवरणपत्र दाखल झाल्यावर लक्षात आली, तर ती कोणती यावर मार्ग ठरतो. अर्ज चुकीचा किंवा अपुरा असल्याची कलम १३९(९) ची सूचना आली, तर १५ दिवसांत उत्तर द्यावे. बँकेने दुसऱ्याचीच नोंद आपल्या पॅनवर टाकली असेल, तर एआयएसमध्ये तसा अभिप्राय नोंदवता येतो. नोंदीतील उघड चुकीसाठी कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज आहे. उत्पन्नच राहून गेले असेल, तर सुधारित विवरणपत्र हवे. २०२४-२५ च्या उत्पन्नासाठी त्याची अंतिम तारीख ३१ डिसेंबर २०२५ होती. त्यानंतर करनिर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत अद्ययावत विवरणपत्र भरता येते, पण त्यावर २५ ते ७० टक्के अतिरिक्त कर पडतो. शिवाय त्यातून परतावा मागता येत नाही. २०२४-२५ साठी केळीचे पैसे ‘इतर स्रोत’मध्ये टाकून जादा कर भरलेल्याला त्यामुळे डिसेंबरअखेरची तारीखच पाळणे आवश्यक होते.