भाजणीचा हक्क आणि भाजणीची कटकट

मराठी स्वयंपाकघराने भाषेला जे शब्द दिले, त्यांत भाजण्याशी निगडित शब्दांचे एक लहानसे कुटुंबच आहे. कच्चट, खमंग, खरपूस, करपट, जळकट. शेंगदाणे असोत, रवा असो वा थालीपिठाची भाजणी असो, तिचे सारे भवितव्य या पाच शब्दांत सामावते. हे शब्द घड्याळाचे नव्हेत, नाकाचे आहेत. कॉफी मात्र मराठी घरांत बहुधा भाजून, दळूनच येते. त्यामुळे तिच्याबाबत हे शब्द योजण्याची पाळी आपल्यावर क्वचितच येते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोप-अमेरिकेतील असंख्य गृहिणींवर ती नित्य येत असे. कच्चे दाणे विकत आणावयाचे आणि चुलीवर भाजावयाचे, हीच तेथील सर्वसाधारण रीत होती. ही भाजणी घराबाहेर कशी गेली, आणि आज काही हौशी मंडळी ती पुन्हा घरी आणतात तेव्हा त्यांच्या हाती नेमके काय लागते, याचा विचार आम्हांस येथे करावयाचा आहे.

घरी भाजण्यामागे एक साधे व्यावहारिक कारण होते. कॉफीचा कच्चा दाणा कोरड्या जागी महिनोन्महिने टिकतो. भाजलेल्या दाण्याचा गंध काही आठवड्यांत उतरतो आणि दळलेल्या पुडीचा त्याहूनही लवकर. हवाबंद डबे नव्हते, त्या काळी ताजी कॉफी हवी असेल तर भाजण्यावाचून गत्यंतर नव्हते. कॉफीची मायभूमी असलेल्या इथिओपियात ही रीत आजही जिवंत आहे. पाहुण्यांसमक्ष दाणे धुऊन निखाऱ्यांवरील तव्यात भाजले जातात. तो धुरकट तवा प्रत्येकाजवळ नेला जातो आणि पाहुणे हाताने धूर स्वतःकडे ओढून गंध घेतात. मग कांडण, मग मातीच्या ‘जेबेना’त उकळणे, आणि अबोल, तोना, बरका अशा तीन फेऱ्या. तेथे भाजणे हा आतिथ्याचाच पहिला अंक होय.

भाजण्याचा हा गंध लपविता येत नाही, आणि नेमक्या याच गुणाचा उपयोग प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिक राजाने करून घेतला. प्रशियाला कॉफी पिकविणाऱ्या वसाहती नव्हत्या. कॉफीपायी देशाचा पैसा परदेशी जातो, हे राजास खुपत होते. 1781 मध्ये त्याने कॉफी भाजण्याची मक्तेदारी राज्याकडे घेतली. सरदार, धर्मगुरू, अधिकारी अशा वरच्या थरांतील लोकांना परवाने मिळू शकत. सामान्यांना घरी दाणे भाजण्यास मनाई झाली. तिची अंमलबजावणी करण्यासाठी निवृत्त, जायबंदी सैनिक नेमण्यात आले. गल्लीबोळांतून हिंडून भाजणीचा वास कोठून येतो हे हुंगणे, एवढेच त्यांचे काम. लोकांनी त्यांना ‘कॉफी हुंगणारे’ असेच नाव दिले. ज्या गंधाने पाहुण्यास घरात बोलवावे, त्यानेच शिपाई दारात यावा, ही विटंबना लोकांस साहवली नाही. 1786 मध्ये राजा वारला आणि ही मक्तेदारीही फार काळ टिकली नाही.

राजाला जे साधले नाही, ते पुढे वाण्याने साधले. 1864 मध्ये न्यूयॉर्कच्या जेबेझ बर्न्स याने भट्टीवरून न उतरविता भाजलेले दाणे आपोआप बाहेर टाकणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. मोठ्या प्रमाणावर सलग भाजणे त्यामुळे सुकर झाले. त्याच सुमारास पिट्सबर्गचा किराणा व्यापारी जॉन आर्बकल याने भाजलेली कॉफी एकेक पौंडाच्या कागदी पुड्यांतून विकण्यास आरंभ केला. गंध उडू नये म्हणून दाण्यांवर अंडे आणि साखर यांचा लेप देण्याची युक्तीही त्याने काढली. परंतु त्याची खरी हुशारी जाहिरातीत दिसते. 1870 च्या दशकातील त्याच्या एका चित्रमय पत्रकात चुलीपाशी उभी असलेली एक गृहिणी आपली कॉफी पुन्हा करपली म्हणून हळहळते आहे, आणि शेजारी बसलेली नीटनेटकी पाहुणी तिला आर्बकलची पुडी घेण्याचा सल्ला देते आहे.

या दोन प्रसंगांतील भेद लक्षात घेण्याजोगा आहे. राजाने भाजणी भयाने हिरावून घेऊ पाहिली, तेव्हा ती लोकांना हक्क वाटली. व्यापाऱ्याने तीच भाजणी कटकट म्हणून दाखविली, तेव्हा ती लोकांनी आपण होऊन सोडून दिली. यात व्यापाऱ्याची चलाखी होती हे खरे. पण त्याचे म्हणणे खोटे होते काय? तापत्या चुलीपुढे उभे राहून हात न थांबविता दाणे हलवीत राहणे हे काम बहुतांशी बायकांच्याच वाट्याला येई. त्या कटकटीतून सुटका झाली, तर त्यांनी हळहळावे का? गतकालाच्या गंधाने मोहून जाताना तो धूर कोणाच्या डोळ्यांत जात होता, हे विसरून चालणार नाही.

शिवाय ती घरगुती कॉफी सदैव उत्तमच असे, असेही मानण्याचे कारण नाही. दाण्याची एक बाजू सपाट असते. ती तापल्या लोखंडाला टेकून राहिली की वरून करपते आणि गाभा कच्चट राहतो. म्हणूनच हाताने फिरवावयाची लोखंडी नळकांडी सतराव्या शतकापासून वापरात आली. तरीही जाळ कमी-अधिक होई आणि ताजेपणाने जे कमावले, ते असमान भाजणीत गमावले जाई. कारखान्याने याच्या उलट सौदा केला: भाजणी एकसारखी, पण दाणे शिळे.

हा पेच सुटण्याची वाट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागली. मायकेल सिव्हेट्झ या अमेरिकी रसायन अभियंत्याने उष्ण हवेच्या झोतावर दाणे तरंगत ठेवून भाजणाऱ्या यंत्राचे पेटंट 1976 मध्ये मिळविले. याच तत्त्वावर चालणारी मक्याच्या लाह्यांची छोटी यंत्रे हौशी मंडळींनी कॉफीसाठी राबविली. 1996 मध्ये केनेथ डेव्हिड्स यांनी घरच्या भाजणीवर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. त्यामुळे आजच्या घरगुती भाजणीला केवळ जुन्या चुलीचे पुनरुज्जीवन म्हणता येणार नाही. ताजेपणा आणि समान आच यांचा जो मेळ जुन्या स्वयंपाकघरात दुर्मीळ होता, तो तीत साधू शकतो.

आम्ही स्वतः मात्र लोखंडी कढईच घेतली, आणि पहिला घाणा अर्थातच करपला. पुढे जे उमगले ते असे. दाणे थोडे घ्यावेत आणि हात थांबू देऊ नये. हिरवा दाणा पिवळा होताना ओल्या गवताचा वास येतो, मग भाजत्या पावाचा. दाण्याचे तापमान 200 अंश सेल्सिअसच्या आसपास पोचले की लाह्या फुटाव्यात तसा तडतडाट होतो. हलकी भाजणी हवी असल्यास येथेच थांबावे. त्यानंतर सुमारे 225 अंशांवर दुसरी, अधिक बारीक तडतड सुरू होते. तिच्यापलीकडे दाण्याची मूळ चव लोपून जळकट कडवटपणाच उरतो. आच बंद केली तरी दाणा आतल्या उष्णतेने भाजतच राहतो, म्हणून तो तत्काळ सुपात घेऊन पाखडावा: सालपटे उडतात आणि दाणा निवतो. दळण्याची घाई करू नये. आत कोंडलेला कार्बन डायऑक्साइड निघून जाण्यास एक-दोन दिवस द्यावेत.

हे सारे लिहिताना पाखडणे, तडतडणे, निवणे असे शब्द आपसूक हाताशी आले. वस्तू नवी होती, तिचे शब्द मात्र घरातच होते. आम्ही कधीतरी एखादा घाणा हौसेने भाजतो. ज्यांना तो रोज भाजावा लागे, त्यांचा सुटकेचा नि:श्वास आम्हांला आता अधिक समजतो, आणि त्या सुटकेपोटी काय हातचे गेले, तेही.