‘मावशी, तोंड किती दिवस बांधून ठेवणार गं?’ : जबड्याच्या ऑपरेशनचा इतिहास

आजचा भाग माझ्या भाचीमुळे झाला. तिचा खालचा जबडा पुढे आहे. पुढचे दात एकमेकांवर बसत नाहीत, त्यामुळे साधा पोळीचा तुकडासुद्धा तिला पुढच्या दातांनी तोडता येत नाही. दीड वर्ष ब्रेसेस लावून झाल्या, आता पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे. सूचनांचा कागद हातात आला आणि घरात शांतता पसरली. दोन्ही जबडे कापणार, नाकातून नळी घालणार, सहा आठवडे काही चावायचं नाही, खालचा ओठ बधिर राहील. त्यात आज्जीने भर घातली, ‘पूर्वी तारेने जबडे बांधून टाकायचे, दीड-दीड महिना!’ मग मला फोन आला.

आज्जीचं चुकलेलं नाही. फक्त तिची माहिती चाळीसेक वर्षं जुनी आहे. आणि मला वाटलं, त्या कागदावरच्या एकेका ओळीमागे कोण उभं आहे, हे शोधलं तर भीती थोडी तरी कमी होईल.

सुरुवात अमेरिकेतल्या व्हीलिंग गावापासून करू. सायमन हलिहेन नावाचा सर्जन, दातांचंही काम करणारा. त्याच्याकडे वीस वर्षांची एक तरुणी आली. लहानपणी ती भाजली होती. मानेची कातडी आखडली आणि वाढत्या वयात तिने जबड्याचा पुढचा भाग खाली आणि बाहेर ओढून नेला. ओठ मिटत नव्हते, लाळ गळायची. हलिहेनने जबड्याच्या हाडातून पाचरीसारखा तुकडा करवतीने काढला, दातांसकट पुढचा भाग मागे बसवला आणि मानेच्या कातडीचीही दुरुस्ती केली. हे त्याने 1849 मध्ये छापलं. वाकडा जबडा सरळ करण्याचं पहिलं ऑपरेशन म्हणून आजही याचंच नाव घेतात.

पुढचा टप्पा सेंट लुईस, 1897. व्हिलरे ब्लेअरने पुढे आलेल्या जबड्याच्या दोन्ही बाजूंचे तुकडे काढून तो मागे घेतला. त्याच शहरात एडवर्ड अँगल होता, दात सरळ करण्याच्या शास्त्राचा जनकच म्हणा ना. हाड कापणारा एक, दात जुळवणारा दुसरा, आणि दोघांनी आधीपासून एकत्र बसायला हवं, हा विचार तेव्हापासूनचा. भाची दीड वर्ष ब्रेसेसना कंटाळली, त्याचं मूळ इथे आहे. दात आधी आपापल्या हाडावर नीट उभे केले नाहीत, तर जबडा सरकवून ते जुळणार कशावर?

वरच्या जबड्याची गोष्ट जरा अंगावर काटा आणणारी आहे. फ्रान्समधल्या लील शहरात रेने ल फोर याने मृतदेहांची 35 डोकी घेतली, त्यांच्यावर आघात केले आणि चेहऱ्याचं हाड नेमकं कुठे तुटतं हे पाहिलं. 1901 मध्ये त्याने दाखवलं की चेहरा काही ठरावीक रेषांवरच तुटतो. वरच्या दातांच्या मुळांच्या वरून, नाकाच्या तळाशी जाणारी रेषा म्हणजे ‘ल फोर एक’. त्याला अपघात समजून घ्यायचे होते. सर्जननी पुढे त्याच रेषेवर मुद्दाम काप घ्यायला सुरुवात केली. भाचीच्या कागदावर हेच नाव आहे.

पण भीती होती. असं सगळं हाड सुटं केलं तर त्याला रक्त कुठून मिळणार? ते मेलं तर? टेक्ससमधल्या विल्यम बेलने 1969 पासून माकडांवर प्रयोग करून दाखवलं की टाळू आणि हिरड्यांचं मऊ मांस जोडलेलं ठेवलं तर हाड जगतं. त्यानंतर हे ऑपरेशन धाडसाचं न राहता नेहमीचं झालं.

आता मुख्य माणूस, ह्यूगो ओबवेगेसर. ऑस्ट्रियाचा, पुढे झुरिकला गेलेला. त्याच्या आधी बरेचदा गालाच्या किंवा मानेच्या कातडीतून काप घेत, म्हणजे व्रण राहणारच. याने काम तोंडाच्या आतून केलं. जबड्याचं हाड आडवं न कापता लांबीने चिरलं. शेंगदाण्याची दोन दलं सुटी करून एकमेकांवरून सरकवावीत ना, अगदी तसं. हाडाला हाड भरपूर टेकतं, म्हणून ते चांगलं जुळतं. 1957 मध्ये ट्राउनरबरोबर त्याने हे इंग्रजीत छापलं आणि 1970 मध्ये दोन्ही जबडे एकाच वेळी हलवण्याबद्दल लिहिलं.

याची किंमतही आहे, आणि ती लपवू नये. त्या दोन दलांच्या मधूनच खालच्या ओठाची आणि हनुवटीची संवेदना नेणारी नस जाते. ती ताणली जाते. म्हणून ओठ बधिर. बहुतेकांची संवेदना काही महिन्यांत परत येते, काहींच्या हनुवटीवर थोडा बधिरपणा कायम राहतो, वय जास्त असेल तर शक्यता जास्त. ‘काही होत नाही हो’ म्हणणाऱ्या नातेवाइकांपेक्षा हे सर्जनलाच स्पष्ट विचारा.

नाकातली नळी? ती पहिल्या महायुद्धाची देणगी. इंग्लंडमधल्या सिडकप इथे चेहरे उडालेल्या सैनिकांवर हॅरोल्ड गिलीस ऑपरेशन करत असे. भूल देणाऱ्यालाही तोंड हवं आणि सर्जनलाही तेच! भूलतज्ज्ञ आयव्हन मॅगिलने नाकातून श्वासनलिकेत नळी घालण्याची पद्धत तिथे घडवली. जबड्याच्या ऑपरेशनमध्ये दात मिटून पाहावे लागतात, तेव्हा तोंडातली नळी चालतच नाही.

आता आज्जीची तार. हाड जुळेपर्यंत ते हलू नये म्हणून वरचे-खालचे दात तारेने करकचून बांधत, साधारण सहा आठवडे. उलटी झाली तर गुदमरू नये म्हणून उशाशी तार कापायची पक्कड ठेवावी लागे. 1974 मध्ये बाझेलच्या श्पीस्लने हाडाचे तुकडे स्क्रूने बसवण्याबद्दल लिहिलं, 1978 मध्ये स्ट्रासबर्गच्या शांपीने छोट्या पट्ट्यांची पद्धत मांडली. आता टायटॅनियमच्या पट्ट्या आतूनच हाड धरून ठेवतात. बाहेर सहसा फक्त रबरं लागतात, तोंड थोडं उघडतं, बोलता येतं. मात्र हाडाला वेळ तेवढाच लागतो. पट्टी धरून ठेवते, जोडत नाही. म्हणून चावणं बंदच.

भाचीला मी एवढंच सांगितलं. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असेल, आरशात स्वतःला ओळखणार नाहीस, रडू येईल. दोन-तीन आठवड्यांत बरीच उतरेल, उरलेली जायला महिने लागतील. वजन घटेल. डोकं उंच ठेवून झोप, नाक जोरात शिंकरू नकोस. आणि ऑपरेशननंतरही ब्रेसेस काही महिने आहेतच. यावर फोनवर मोठा सुस्कारा ऐकू आला.

आज्जीने मिक्सर पुसून ठेवलाय. पेज किती पातळ हवी, याचे प्रयोग सुरू आहेत. काल मला हळूच विचारत होती, पक्कड आणून ठेवायची का? म्हटलं, नको गं आई, रबरं हातानेच निघतात.