यादीच्या तळाशी

गिऱ्हाईक पारखणे ही दुकानदाराची जुनी विद्या. कोणाला उधार द्यावे, कोणापुढे भारी माल मांडावा, हे तो माणूस पाहून आणि गावातल्या बोलण्यावरून ठरवीत असे. ही पारख आकडेमोडीकडे जाऊ लागली ती मुख्यतः अशा धंद्यात, जिथे विक्रेत्याला गिऱ्हाईक कधी दिसतच नव्हते.

१८७२ साली ॲरन माँटगोमेरी वॉर्ड याने शिकागोत एका पानाची दरसूची छापून टपालाने माल विकण्यास प्रारंभ केला. पुढे सीअर्स-रोबक ही कंपनी या धंद्यात उतरली. १८९६ पासून अमेरिकेच्या ग्रामीण भागात घरपोच टपाल येऊ लागले, १९१३ साली पार्सलसेवाही आली आणि जाडजूड कॅटलॉग शेतकऱ्यांच्या घरी पोचले. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांना त्यांचे मोल अधिक होते. गावच्या दुकानात त्यांना गोऱ्यांच्या मागे ताटकळावे लागे. कॅटलॉग मात्र मागणी नोंदवणाऱ्याचा वर्ण विचारीत नसे.

परंतु कॅटलॉगला छपाई आणि टपालखर्च लागतो. तो कोणाला धाडावा, या प्रश्नातून विक्रेत्यांनी तीन कसोट्या बसवल्या: शेवटची खरेदी किती अलीकडची, खरेदी किती वेळा झाली आणि किती रकमेची. यांवरून ग्राहकांची उतरती यादी करायची आणि खर्च भरून निघेल तिथे रेघ मारायची. रेघेखालच्यांना पत्र जात नसे.

याच काळात संख्याशास्त्रही पुढे सरकत होते. १९३६ साली रोनाल्ड फिशर यांनी आयरिसच्या फुलांची मापे एकत्र जोखून त्यांच्या जाती वेगळ्या करण्याची रीत मांडली. १९४१ साली डेव्हिड ड्युरँड यांनी तीच रीत हप्त्यांच्या कर्जाला लावून फेडणारे आणि बुडवणारे वेगळे करून पाहिले. १९५६ साली बिल फेअर आणि अर्ल आयझॅक यांनी या विद्येचा व्यवसाय केला. १९५८ साली त्यांनी पन्नास मोठ्या कर्जदात्या संस्थांना पत्रे धाडली, तेव्हा एकीचेच उत्तर आले, असे त्या कंपनीचा इतिहास सांगतो. भाकिताच्या विक्रेत्यांनाही गिऱ्हाईक नेमके हेरता आले नव्हते!

या रीतीचे सामर्थ्य उघड आहे. ती लहर बाजूला ठेवते, सर्वांना एकच माप लावते. तिची उणीव मात्र सहजी नजरेत भरत नाही. भाकीत शिकते ते आलेल्या उत्तरांवरून. ज्याला पत्रच गेले नाही, त्याचे उत्तर येणार कोठून? त्याचे मौन हीच नापसंती ठरते आणि पुढल्या यादीत तो पुन्हा तळाशी राहतो. यावर उपाय आहे: रेघेखालच्या काही जणांनाही चिठ्ठ्या टाकून निवडावे, पत्र धाडावे आणि पाहावे. पण त्या प्रत्येक पत्राचा खर्च आज होतो आणि त्यातून मिळणारे ज्ञान उद्या उपयोगी पडते.

अमेरिकेत कर्जव्यवहारातील भेदभावाविरुद्ध १९७४ साली कायदा झाला. १९७६ च्या दुरुस्तीने त्यात वर्ण आणि धर्म यांचा समावेश झाला आणि कर्ज नाकारल्यास कारण मिळण्याचा हक्कही अर्जदाराला लाभला. तो हक्क अर्ज करणाऱ्याचा आहे. ज्याच्या दारी कॅटलॉग आलाच नाही त्याने अर्ज केलेला नसतो; आपल्याला वगळले आहे हेही त्याला ठाऊक नसते. गावच्या दुकानात ताटकळणाऱ्याला निदान आपला अपमान दिसत होता.